संगणकातला जुना पत्ता कसा खोडावा?

राजारामपुरीतला एखादा दुकानदार आपले दुकान तिसऱ्या गल्लीतून अकराव्या गल्लीत हलवतो. गिऱ्हाइकांना तो तसे सांगतो, नव्या जागी पाटी लावतो. तरी कोल्हापुरातल्या कितीतरी घरांतल्या वह्यांत जुनाच पत्ता राहून जातो. त्या पत्त्यावर गेलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसले, तर त्याची एक खेप वाया जाते. शेजारी चौकशी करून तो नव्या जागी पोहोचतो. पण समजा, जुन्या जागीही कोणीतरी बसलेले आहे, पैसे घेते आहे आणि पावतीही देते आहे, तर? गिऱ्हाईक समाधानाने घरी जाईल आणि पैसे दुकानदाराला मिळालेच नाहीत हे त्याला महिन्याने कळेल.

संगणकातही असेच घडू शकते. २०२३ च्या सहामाही परीक्षेनंतर ते आम्ही कोल्हापुरातल्या एका शाळेत पाहिले. त्या शाळेच्या संगणक कक्षाला आम्ही दोघे-तिघे अधूनमधून मदत करतो. निकालाचे तक्ते छापायला घेतले, तेव्हा दहावी ‘ब’च्या ४३ मुलांचा विज्ञानाचा रकाना कोरा आला. बाईंनी गुण भरलेच नाहीत, असे सगळ्यांनी गृहीत धरले. बाई मात्र ठाम होत्या. “मी स्वतः भरलेत सर. दुसऱ्या दिवशी उघडून तपासलेतसुद्धा.” त्यांनी आमच्यासमोर आपल्या खात्यातून संगणक उघडला, तर ४३ मुलांचे गुण पडद्यावर होते! त्याच संगणकावर आम्ही आमच्या खात्यातून गेलो, तर रकाना पुन्हा कोरा. संगणक एक, निकालाची आज्ञावली एक, आणि उत्तरे मात्र दोन. हे कसे, ते समजून घेऊ या.

साठा वेगळा, वाट वेगळी

मुलांचे गुण ज्या संगणकावर भरतो, त्याच संगणकात ते राहतात असे नाही. बहुतेक वेळा ते दुसऱ्या एका संगणकावरच्या माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये जातात. निकालाच्या आज्ञावलीला त्या साठ्यापर्यंत पोहोचण्यासाठी तीन गोष्टी लागतात: साठा कोणत्या संगणकावर आहे, त्या संगणकावरच्या कोणत्या साठ्याशी काम आहे, आणि त्या साठ्याची भाषा बोलणारा दुभाषी कोणता. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तिन्ही गोष्टी एकत्र लिहून त्या नोंदीला एक नाव दिले, की आज्ञावलीने फक्त ते नाव उच्चारायचे. बाकीची जुळणी संगणक करतो.

या व्यवस्थेचे नाव ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी, थोडक्यात ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टने ती १९९२ साली बाजारात आणली. त्याआधी प्रत्येक प्रकारच्या साठ्यासाठी आज्ञावली वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागे. ओडीबीसीमुळे ड्रायव्हर बदलला तरी आज्ञावलीचा बराचसा भाग तसाच ठेवता येऊ लागला. नाव दिलेल्या नोंदीला डेटा सोर्स नेम, म्हणजे डीएसएन असे म्हणतात. आपण तिला ‘जोडणीची नोंद’ म्हणू.

ही नोंद म्हणजे वहीतला पत्ता. वहीतला पत्ता खोडला म्हणून दुकान पडत नाही आणि नवा पत्ता लिहिला म्हणून जुन्या दुकानातला माल नव्या दुकानात जात नाही. लेखाच्या शेवटपर्यंत एवढी एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे.

साठा आणि वाट वेगळी असतात याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्राचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी तो आखला होता. गावातल्या केंद्रावर संगणक ठेवायचा आणि शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन, बिल, खते यांची माहिती गावातच मिळावी, अशी कल्पना होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी त्यांपैकी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातल्या संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन वापरायचा, ठरावीक संकेतांत लघुसंदेश पाठवायचा आणि उत्तरही लघुसंदेशानेच मिळवायचे. २००७ साली त्यांनी या प्रयोगावर शोधनिबंध मांडला. संगणकावर होणारी सारी कामे फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक आवडली, असा त्याचा निष्कर्ष होता.

या बदलात शेतकऱ्याच्या उसाचे वजन बदलले नाही. कारखान्याकडच्या साठ्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बदलली. अशा प्रत्येक बदलानंतर एक काम उरते: जुनी वाट बंद करणे. नवी वाट सुरू झाल्याच्या आनंदात हेच काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. आमच्या शाळेतही ते राहून गेले होते.

नोंदी कुठे राहतात?

विंडोज प्रणालीत जोडणीच्या नोंदी तीन प्रकारच्या असतात. पहिली ‘यूजर’ नोंद. ती ज्याच्या खात्यात केली, त्यालाच दिसते. दुसरी ‘सिस्टिम’ नोंद. ती त्या संगणकावरच्या सर्व खात्यांना दिसते. मात्र ती करायला किंवा काढायला प्रशासकाचे अधिकार लागतात. तिसरी ‘फाइल’ नोंद, म्हणजे पत्ता लिहिलेली साधी मजकुराची फाइल. पहिल्या दोन प्रकारच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत असतात.

आता एक कळीचा प्रश्न. एकाच नावाची यूजर नोंदही असेल आणि सिस्टिम नोंदही असेल, तर संगणक कोणती मानतो? तो आधी यूजर नोंद शोधतो. ती सापडली, तर सिस्टिम नोंदीकडे पाहतही नाही. माणूसही तसेच करतो. खिशातल्या चिठ्ठीवर पत्ता असेल, तर तो चौकातली पाटी वाचत नाही.

आमचे कोडे इथेच सुटले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा निकालाचा साठा कार्यालयातल्या जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर नेला होता. कक्षातल्या सोळाही संगणकांवरची ‘निकाल’ नावाची सिस्टिम नोंद आम्हीच दुरुस्त केली होती. पण काही वर्षांपूर्वी, प्रशासकाचा परवलीचा शब्द हाताशी नसताना, कोणीतरी बाईंच्या खात्यात त्याच नावाची यूजर नोंद करून ठेवली होती. तिच्यात जुन्या संगणकाचा पत्ता होता. फीचे हिशेब जुन्या संगणकावर असल्यामुळे तो बंद केलेला नव्हता. बाईंनी भरलेले गुण त्याने निमूटपणे ठेवून घेतले आणि मागितल्यावर परत दाखवले. कुठेही चुकीचा इशारा आला नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते.

तपासणी करताना आम्ही प्रत्येक संगणक आमच्या खात्यातून उघडला होता. बाईंच्या खिशातली चिठ्ठी आम्हाला दिसणारच नव्हती.

हाताने की आज्ञेने?

एक नोंद काढायची असेल तर ते सोपे आहे. विंडोजमध्ये ओडीबीसीची खिडकी उघडायची, ‘यूजर’ पानावर जायचे, नोंद निवडायची, ‘रिमूव्ह’चे बटण दाबायचे. पण सोळा संगणक आणि प्रत्येकावर पाच-सहा शिक्षकांची खाती म्हटल्यावर ऐंशी-नव्वद वेळा हेच करावे लागणार. साठाव्या वेळी डोळे थकतात आणि भलत्याच नोंदीवर बटण दाबले जाते. शिवाय कोणत्या खात्यातून काय काढले, याची लेखी खूण मागे राहत नाही.

म्हणून असे काम आज्ञा लिहून करावे. विंडोजमध्ये त्यासाठी पॉवरशेल हे साधन आहे. ते २००६ साली आले. जोडणीच्या नोंदी हाताळणाऱ्या खास आज्ञा त्यात २०१२ साली, विंडोज ८ च्या वेळी आल्या. संगणकावर आज्ञा इंग्रजी लिपीतच टाइप कराव्या लागतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देत आहोत. ओ, डी, बी, सी, डी, एस, एन ही सात अक्षरे सलग लिहायची.

पायरी पहिली: पाहणे.

गेट-ओडीबीसीडीएसएन -डीएसएनटाइप यूजर

ही आज्ञा काहीही बदलत नाही. सध्याच्या खात्यातल्या यूजर नोंदींची यादी ती दाखवते: नाव, प्रकार, ३२ की ६४ बिट, आणि ड्रायव्हर. ‘यूजर’च्या जागी ‘सिस्टिम’ लिहिले, की सामाईक नोंदी दिसतात. ३२ व ६४ बिट आज्ञावल्यांसाठी सिस्टिम नोंदी वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या असतात, म्हणून यादीतला तो रकाना नीट वाचावा. एका जागची नोंद काढली आणि दुसऱ्या जागची राहिली, तर जुनी आज्ञावली जुन्याच वाटेने जात राहील.

पायरी दुसरी: प्रत ठेवणे. रजिस्ट्रीतल्या ओडीबीसी विभागाची प्रत ‘रेग एक्स्पोर्ट’ या आज्ञेने फाइलमध्ये घेता येते. पुढे चूक झालीच, तर त्या फाइलवर दोनदा क्लिक केले की नोंदी परत येतात. मात्र काही ड्रायव्हर परवलीचा शब्दही साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत नोंदीत ठेवतात. म्हणून ही प्रत मुलांच्या हाती पडेल अशा ठिकाणी ठेवू नये.

पायरी तिसरी: निवडणे.

गेट-ओडीबीसीडीएसएन -नेम "निकाल" -डीएसएनटाइप यूजर

अजूनही आपण फक्त पाहतच आहोत; यादी मात्र नेमकी झाली आहे. इथे आमची एक चूक सांगायला हवी. आम्ही आधी ‘निकाल’पासून सुरू होणारी सगळी नावे तारकाचिन्ह वापरून निवडली होती. यादीत ‘निकालपत्रक’ ही नोंदही आली. ती प्रगतिपत्रके छापण्याच्या आज्ञावलीची चालू नोंद होती. यादी न पाहता काढण्याची आज्ञा दिली असती, तर दुसऱ्या दिवशी छपाई बंद पडली असती. तारकाचिन्ह हे जाळे आहे. त्यात हवा तो मासा येतो आणि नको तोही येतो.

पायरी चौथी: काढणे.

गेट-ओडीबीसीडीएसएन -नेम "निकाल" -डीएसएनटाइप यूजर | रिमूव्ह-ओडीबीसीडीएसएन

मधल्या उभ्या रेघेचा अर्थ असा, की डावीकडच्या आज्ञेने जे दिले ते उजवीकडच्या आज्ञेच्या हाती सोपवायचे. तिसऱ्या पायरीवर डोळ्यांनी तपासलेली यादीच काढली जाते. पाहण्याची आणि काढण्याची आज्ञा वेगवेगळी लिहिली, तर दोन्हींत फरक पडण्याचा धोका राहतो.

पायरी पाचवी: पुन्हा पाहणे. पहिल्या पायरीची आज्ञा परत द्यावी आणि नोंद खरोखर गेल्याची खात्री करावी.

या पायऱ्या एका फाइलमध्ये ओळीने लिहिल्या, की तिला स्क्रिप्ट म्हणतात. यूजर नोंदी खात्याच्या मालकीच्या असल्यामुळे प्रशासकाने स्वतःच्या खात्यातून स्क्रिप्ट चालवून उपयोग नाही. ती ज्याच्या त्याच्या खात्यात चालायला हवी. पॉवरशेल सुरुवातीला अशा फाइली चालवू देत नाही. आधी तशी परवानगी द्यावी लागते. आम्ही ती मिळवून स्क्रिप्ट प्रत्येक संगणकाच्या सामाईक ‘स्टार्टअप’ फोल्डरमध्ये एका छोट्या बॅच फाइलमार्फत लावली. जो शिक्षक आपले खाते उघडेल, त्याच्या खात्यातली जुनी नोंद जाईल आणि खाते, संगणक व तारीख एका फाइलीत लिहिली जाईल. सर्व खाती एकेकदा उघडून झाल्यावर स्क्रिप्ट काढून टाकली. बाईंखेरीज आणखी दोन खात्यांत तीच नोंद सापडली.

पॉवरशेलमध्ये या आज्ञा येण्यापूर्वी हेच काम ‘रेग डिलीट’ आज्ञेने रजिस्ट्रीत थेट जाऊन केले जाई. ते करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. रजिस्ट्रीत नोंद दोन जागी असते: एका जागी सर्व नावांची यादी आणि दुसऱ्या जागी प्रत्येक नावाचा तपशील. एकच जागा पुसली तर अर्धी नोंद मागे राहते. रिमूव्हची आज्ञा दोन्ही जागा स्वच्छ करते, म्हणून शक्य असेल तिथे तीच वापरावी. लिनक्स असलेल्या शाळांत मात्र हे सारे उघड्यावर असते. तिथे नोंदी ‘ओडीबीसी.आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. वापरणाऱ्याची स्वतःची फाइल त्याच्या घरफोल्डरमध्ये नावाआधी टिंब देऊन लपवलेली असते. विद्यार्थ्यांना नोंद आतून कशी दिसते हे दाखवायचे असेल, तर ही फाइल उघडून दाखवावी.

नोंद गेली, मग काय उरले?

स्क्रिप्ट चालली, जुन्या नोंदी गेल्या. काम संपले असे आम्हाला वाटले. पण वहीतला पत्ता खोडल्याने दुकान बंद होत नाही. जुन्या संगणकावरचा साठा तसाच होता. त्यात अनेक वर्षांच्या मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, पालकांचे फोन क्रमांक होते. त्या साठ्यात शिरण्याचे नाव आणि परवलीचा शब्दही चालू होता. ज्याला पत्ता आणि परवलीचा शब्द ठाऊक आहे, तो कोणत्याही संगणकावर दोन मिनिटांत नवी नोंद करून आत जाऊ शकतो.

म्हणून नोंदी काढल्यानंतर तीन गोष्टी कराव्यात. एक, जुन्या साठ्याचे प्रवेशाचे नाव बंद करावे. दोन, तोच परवलीचा शब्द इतरत्र वापरला असेल तर तो बदलावा. तीन, जुन्या साठ्याची प्रत घेऊन ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात कुलपात ठेवावी. साठा पुसून टाकण्याची घाई करू नये. शाळेचे जनरल रजिस्टर आपण कायम जपतो, कारण तीस वर्षांनी कोणीतरी दाखला मागायला येतो. संगणकातल्या नोंदींनाही तोच न्याय लावावा. वाट बंद करणे आणि साठा नष्ट करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला संगणक शिक्षक घेऊ शकतात; दुसरा शाळेने विचारपूर्वक आणि लेखी घ्यायचा असतो.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. शाळेचा जुना संगणक कोणाला देऊन टाकताना त्यातल्या जोडणीच्या नोंदी काढल्या, तरी तेवढ्याने त्याच्या डिस्कवरची माहिती जात नाही. फाइल ‘डिलीट’ केल्यावरही साधारणपणे तिचा पत्ताच आधी खोडला जातो. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर राहू शकतो. इथेही पत्ता आणि घर यांची गल्लत करू नये.

वर्गात करून पाहा

हा सारा प्रकार संगणकाशिवायही शिकवता येतो. दोन रिकामी खोकी घ्या. एकावर ‘जुना साठा’, दुसऱ्यावर ‘नवा साठा’ असे लिहा. फळ्यावर लिहा: ‘निकाल म्हणजे नवे खोके’. दहा मुलांना पाच-पाच चिंचोके द्या. त्यांतल्या दोघांच्या खिशात गुपचूप चिठ्ठी ठेवा: ‘निकाल म्हणजे जुने खोके’. नियम एकच: आधी खिसा पाहायचा, चिठ्ठी नसेल तरच फळा पाहायचा. मग सर्वांना ‘निकालात चिंचोके टाका’ असे सांगा.

नव्या खोक्यातले चिंचोके मोजा. ५० हवे होते, ४० निघतील. चूक कोणाची, असे वर्गाला विचारा. प्रत्येक मुलाने नियम पाळला आहे, तरी हिशेब चुकला आहे. मग खिशातल्या चिठ्ठ्या फाडा आणि विचारा, “आता नव्या खोक्यात ५० झाले का?” बरीच मुले पटकन ‘हो’ म्हणतात. खोके मोजून पाहिल्यावर त्यांना कळते, की चिठ्ठी फाडली तरी आधीचे दहा चिंचोके जुन्या खोक्यातच आहेत. ते उचलून नव्या खोक्यात टाकायचे काम वेगळे करावे लागते.

शाळेतही शेवटी तेच करावे लागले. जुन्या साठ्यातून ४३ मुलांचे गुण कागदावर छापून घेतले. बाईंनी ते उत्तरपत्रिकांशी एकेक करून ताडून पाहिले आणि नव्या साठ्यात भरले. एकाही मुलाचा गुण बदलला नव्हता. बाईंना स्पष्टीकरण मागणारा जो कागद गेला होता, तो मुख्याध्यापकांनी परत घेतला. त्यानंतर त्या शाळेत एक नियम झाला आहे: साठ्याची जागा बदलली, की प्रत्येक खाते उघडून नोंदींची यादी छापायची आणि तिच्यावर त्या खात्याच्या शिक्षकाची सही घ्यायची. आपल्या शाळेत ही यादी शेवटची कधी पाहिली होती, हे एकदा विचारून पाहा.